मनाच्या विद्येचें वेतन

गेल्या जून महिन्यांत, महाविद्यालयांतील प्रवेशाची गडबड चालू असतांना, एक गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन माझ्याकडे आले. मुलगी बारावीस उत्तम गुण मिळवून उत्तीर्ण झाली होती आणि तिला मानसशास्त्र हा विषय घ्यावयाचा होता. गृहस्थ एका बँकेंत नोकरीस असलेले, सुशिक्षित व बोलण्यांत सौम्य असे होते. इकडचें तिकडचें बोलणें झाल्यावर ते म्हणाले, "सर, स्पष्ट विचारतों, राग मानूं नका. विषय चांगला आहे, हिला आवडतोहि. पण उद्यां हिला पगार कोण देणार?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. तीस वर्षांच्या अध्यापनांत तो मीं अनेक वेळां ऐकला आहे आणि बहुतेक वेळां कांहीं तरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली आहे. ह्या वेळीं मात्र त्या गृहस्थांच्या शब्दांनीं मी थबकलों. पगार किती मिळेल, हें त्यांनीं विचारलेंच नव्हतें. तो कोण देणार, एवढेंच त्यांना हवें होतें. आणि आपल्या देशांतील मानसशास्त्राचा गेल्या सव्वाशें वर्षांचा इतिहास ह्याच प्रश्नाभोंवतीं फिरत आला आहे. त्या दिवशीं मला जें सुसंगतपणें सांगतां आलें नाहीं, तें आज वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे.

कोणत्याहि विद्येचा व्यवसाय व्हावयाचा तर तिचें मोल देणारा कोणी तरी असावा लागतो. वकिलीस पक्षकार मिळाला, वैद्यकीस रोगी मिळाला, स्थापत्यास सरकारचें बांधकाम खातें मिळालें. मनाच्या विद्येची गोष्ट निराळी आहे. मनानें खचलेला मनुष्य आपल्याकडे पूर्वींपासून होताच. परंतु त्याचें गाऱ्हाणें ऐकून घेण्याचें काम घरांतील एखादें वडील माणूस, गांवचा भगत, एखादें देवस्थान किंवा कीर्तनकार बुवा करीत. त्यांपैकीं कोणी महिन्याचा पगार घेत नसे. त्या कामाची परतफेड दक्षिणेनें, नवसानें किंवा नुसत्या कृतज्ञतेनें होई. म्हणून पाश्चात्त्य मानसशास्त्र जेव्हां ह्या देशांत आलें, तेव्हां त्याला दुःखिताच्या घराचा दरवाजा उघडा मिळाला नाहीं. तें आलें तें महाविद्यालयाच्या दारानें, आणि तेंहि तत्त्वज्ञानाचें बोट धरून. न्याय, नीति आणि मन ह्या तिन्हींचा अभ्यास एकाच प्राध्यापकानें सांगावा, अशी आपल्या जुन्या विद्यापीठांतील सर्वसाधारण व्यवस्था होती.

ह्या विषयाला स्वतःचें घर मिळालें तें कलकत्त्यास. ब्रजेंद्रनाथ सील ह्यांनीं १९०५ सालीं प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम आंखला, आणि १९१५-१६ च्या सुमारास कलकत्ता विद्यापीठांत त्या विषयाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. हार्वर्ड येथें म्यून्स्टरबर्ग ह्यांच्या हाताखालीं शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त त्याचे पहिले प्रमुख. पुढें १९२३ सालीं भारतीय विज्ञान परिषदेंत मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग झाला आणि १९२४ सालीं भारतीय मानसशास्त्र संघ स्थापन झाला. म्हणजे अवघ्या दहा वर्षांत ह्या विद्येला प्रयोगशाळा, सभा आणि प्रतिष्ठा ह्या तिन्ही गोष्टी मिळाल्या. वेतन देणारा मात्र एकच राहिला: विद्यापीठ. मानसशास्त्र शिकलेल्या माणसाला मानसशास्त्र शिकविण्याखेरीज दुसरें काम नव्हतें. त्याचे विद्यार्थीहि पुढें शिक्षकच व्हावयाचे.

ह्याच विभागाच्या पहिल्या विद्यार्थ्यांत गिरींद्रशेखर बोस होते. ते मूळचे डॉक्टर; १९१० सालीं वैद्यकीची पदवी घेऊन त्यांनीं व्यवसाय मांडला होता. विभाग उघडतांच ते पुनः विद्यार्थी झाले, १९१७ सालीं एम्. ए. होऊन तेथेंच शिकवूं लागले आणि १९२१ सालीं त्यांनीं दमनाच्या कल्पनेवरील प्रबंधाबद्दल डी. एस्सी. ही पदवी मिळविली. फ्रॉइडशीं त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्धच आहे. १९२२ सालीं त्यांनीं भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापिली, आणि १९४० सालीं त्यांच्या प्रयत्नानें कलकत्त्यास लुंबिनी पार्क हें मनोरुग्णालय सुरू झालें. सेनगुप्त पुढें लखनौस गेल्यावर विभागाची सूत्रेंहि बोसांकडेच आलीं. त्यांची थोरवी कोणी नाकारणार नाहीं. तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीनें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. बोसांना मनाचा वैद्य होतां आलें, कारण ते शरीराचे वैद्य आधींच होते. ज्याच्यापाशीं वैद्यकीची पदवी नाहीं, नुसती मानसशास्त्राचीच आहे, त्यानें रोग्याच्या उशाशीं कोणत्या अधिकारानें बसावें आणि त्याला कोणी काय द्यावें, ह्या प्रश्नाचें उत्तर त्यांच्या उदाहरणांतून मिळत नाहीं.

म्हैसूरचें उदाहरण आणखी बोलकें आहे. तेथील महाराजा महाविद्यालयांत १९२४ सालीं मानसशास्त्राचा विभाग निघाला. लंडन येथें स्पिअरमन ह्यांच्यापाशीं शिकलेले एम्. व्ही. गोपालस्वामी त्याचे प्राध्यापक. ह्या गृहस्थांनीं १९३५ सालीं आपल्या राहत्या घरीं एक लहानसें नभोवाणी केंद्र सुरू केलें. त्या केंद्राचें नांव 'आकाशवाणी'. तेंच पुढें साऱ्या देशाच्या नभोवाणीचें नांव झालें. मानसशास्त्राच्या ह्या प्राध्यापकाची सामान्य माणसाला आज कांहीं आठवण असलीच तर ती नभोवाणीमुळें आहे. बुद्धिमान माणसाला निश्चित वेतनाचें आसन मिळालें म्हणजे तो किती दिशांनीं फांकतो, ह्याचें हें रम्य उदाहरण खरें. परंतु त्याच्या मूळ विद्येला भिंतीबाहेर कोणी बोलावीत नव्हतें, असेंहि त्यांत दिसतें.

भिंतीबाहेरचें पहिलें मोठें बोलावणें आलें तें रणांगणावरून. दुसऱ्या महायुद्धांत सैन्याला अधिकारी हवे होते आणि जुन्या पद्धतीची निवड पुरी पडेना. तेव्हां १९४३ सालीं डेहराडून येथें मानसशास्त्रीय कसोट्यांवर आधारलेलें निवड मंडळ प्रयोगादाखल स्थापण्यांत आलें. स्वातंत्र्यानंतर १९४९ सालीं संरक्षण खात्यांत मानसशास्त्रीय संशोधनाची शाखा निघाली. तिचेंच १९८२ सालीं संरक्षण मानसशास्त्रीय संशोधन संस्थेंत रूपांतर झालें. आजहि सैन्यांत अधिकारी होऊं इच्छिणाऱ्या तरुणाला निवड मंडळापुढें चित्रावरून गोष्ट लिहावी लागते, शब्द पाहतांच मनांत आलेला विचार टिपावा लागतो, आणि तें सर्व वाचणारा मानसशास्त्रज्ञ हा त्या मंडळाचा नियमित घटक असतो. येथें पद आहे, श्रेणी आहे, बढती आहे आणि निवृत्तिवेतनहि आहे. राज्याला ज्या मनाची गरज भासली, त्या मनाची परीक्षा करणाऱ्याचें वेतन राज्यानें विनातक्रार मंजूर केलें.

दुसरें बोलावणें शाळेंतून आणि तिसरें गिरणींतून आलें. संयुक्त प्रांताच्या सरकारनें १९४७ सालीं अलाहाबाद येथें मानसशास्त्राची स्वतंत्र कचेरी उघडली. मुलांची बुद्धि व कल पाहून त्यांना अभ्यासाची दिशा दाखवावी, हा तिचा उद्देश. अहमदाबादेस विक्रम साराभाईंनीं उभारलेल्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेंत कमला चौधरी ह्यांनीं मानसशास्त्राचा विभाग चालविला, आणि १९५३ सालीं तेथील कॅलिको गिरणींत लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस ह्यांनीं कामगारांच्या लहान गटांचा प्रसिद्ध प्रयोग केला. चौधरीबाई पुढें अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेंत अध्यापन करूं लागल्या. त्यांच्यामागून कित्येकांनीं तीच वाट धरली. मानसशास्त्राची पदवी घ्यावी, वर व्यवस्थापनाची जोड द्यावी आणि कारखान्याच्या किंवा कंपनीच्या मनुष्यबळ खात्यांत शिरावें. ह्या वाटेवर वेतन चांगलें असल्यामुळें ती वर्षानुवर्षें रुंदच होत गेली आहे.

महाराष्ट्रांत ह्या तिन्ही प्रवाहांचें पाणी आलें. पुणें विद्यापीठांत १९५० सालीं प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग निघाला, वि. के. कोठुरकर ह्यांनीं तो नांवारूपास आणला. मुंबई विद्यापीठानें १९५९ सालीं जो विभाग काढला, त्याचें नांवच उपयोजित मानसशास्त्र असें आहे. एका नगरींत प्रयोगशाळेचा लौकिक, दुसरींत कचेऱ्या व कारखाने हाकेच्या अंतरावर. तथापि मुंबईचा खरा मान आणखी जुना आहे. १९३६ सालीं तेथें टाटांच्या देणगीनें समाजकार्याची शाळा स्थापन झाली आणि दुसऱ्याच वर्षीं त्या शाळेनें मुलांसाठीं मार्गदर्शन केंद्र सुरू केलें. दुखावलेल्या मुलासाठीं आणि त्याच्या आईबापांसाठीं उघडलेलें आपल्या देशांतील हें पहिलें दार होय. ह्या दाराचा खर्च धर्मादायांतून चाले, हेंहि लक्षांत ठेविलें पाहिजे.

आतां इस्पितळाकडे वळूं. कारण ह्या विद्येचा जो खरा धनी, म्हणजे पीडित मनुष्य, तो तेथें आहे. १९४६ सालीं भोर समितीनें देशाच्या आरोग्याचा जो अहवाल दिला, त्यांत मनोरुग्णांची स्थिति एकाच तुलनेनें स्पष्ट होते. इंग्लंडांत सुमारें तीनशें माणसांमागें वेड्यांच्या इस्पितळांतील एक खाट होती. हिंदुस्थानांत तीच खाट सुमारें चाळीस हजार माणसांमागें होती. समितीनें शिक्षणाची सोय करण्याची शिफारस केली. त्याप्रमाणें १९५४ सालीं बंगलोर येथें अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उघडली, जी १९७४ पासून 'निम्हान्स' ह्या नांवानें ओळखली जाते. १९५५ सालीं तेथें मानसशास्त्राच्या पदवीधरांसाठीं वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका सुरू झाली, आणि १९६२ सालीं रांची येथेंहि तसेंच शिक्षण मिळूं लागलें. मानसशास्त्रज्ञ रोग्याच्या उशाशीं पोंचला तो येथें. महाविद्यालयांत विषय आल्यापासून ह्या गोष्टीला चाळीस वर्षें लागलीं.

पोंचला खरा; पण त्याला बसावयास खुर्ची कोणती मिळाली? इस्पितळ हें वैद्यकाचें घर. तेथील पदांची उतरंड डॉक्टराच्या पदवीवर रचलेली. एक लहानसें उदाहरण देतों. सरकारी डॉक्टरानें खाजगी व्यवसाय करूं नये म्हणून त्याला वेगळा भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो मूळ वेतनाच्या २० टक्के आहे. हा भत्ता वैद्यकीय पदवीशीं बांधलेला आहे. त्याच कक्षांत, त्याच रोग्याशीं तासन् तास बोलणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला तो लागू नाहीं. भत्त्यामागील गृहीत गोष्ट अशी कीं, डॉक्टराच्या कौशल्याला बाहेर गिऱ्हाईक आहे, म्हणून सरकारनें त्याची भरपाई करावी. मानसशास्त्रज्ञाच्या कौशल्याला बाहेर गिऱ्हाईक असेल, ही कल्पनाच हे नियम घडले तेव्हां कोणाच्या मनांत नव्हती.

पुढील इतिहास चांगल्या हेतूंचा आहे. १९८२ सालीं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. १९९६ पासून तो जिल्ह्याजिल्ह्यांतून नेण्याचें ठरलें, आणि जिल्ह्याच्या पथकांत मनोविकारतज्ज्ञाबरोबर चिकित्सा करणारा मानसशास्त्रज्ञ असावा असेंहि ठरलें. २००१ च्या ऑगस्टमध्यें तामिळनाडूंतील एरवाडी येथें आग लागून साखळदंडांनीं बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जळून मेले, तेव्हां सारा देश हळहळला आणि न्यायालयानेंहि दखल घेतली. २०१७ च्या कायद्यानें तर मानसिक आरोग्याची सेवा हा नागरिकाचा हक्क ठरविला, आणि शारीरिक आजाराप्रमाणेंच मानसिक आजारालाहि विम्याचें संरक्षण द्यावें असें सांगितलें. पण हक्क कागदावर उतरल्यानें पद निर्माण होत नाहीं. पद म्हणजे अंदाजपत्रकांतील एक ओळ, आणि ती ओळ लिहिली गेली तर बहुधा 'कंत्राटी' हा शब्द पुढें लावून लिहिली गेली.

माझ्याबरोबर एम्. ए. झालेला एक मित्र, आमच्या वर्गांत सर्वांत हुशार, अशा एका सरकारी पदावर गेला. पद अकरा महिन्यांचें. दर वर्षीं नवा करार. आठवड्यांतून ठराविक दिवशीं त्यानें तालुक्याच्या गांवीं जावें, दिवसांत पन्नास-साठ रोगी पाहावेत आणि प्रत्येकाच्या नांवापुढें एक ओळ लिहावी. "अरे, मी त्यांच्याशीं बोलत नाहीं, त्यांना मोजतों," असें तो मला एकदां म्हणाला. सात वर्षांनीं त्यानें तें काम सोडलें. आज तो एका मोठ्या कंपनींत नोकरभरतीचें काम पाहतो आणि सुखांत आहे. त्याच्या पूर्वींच्या खोलीबाहेर बाकावर बसणारीं माणसें कोठें गेलीं असतील, हा विचार मला अधूनमधून सतावतो. मीहि इस्पितळांतच जाणार होतों. पण त्याच सुमारास महाविद्यालयांत कायम जागा निघाली, आणि मीं ती घेतली. म्हणून मित्राला दोष देण्याचा मला अधिकार नाहीं.

महाविद्यालयाची वाट तरी आतां पूर्वींसारखी आहे काय? वेतनश्रेणी उत्तम आहे. २०१६ पासूनच्या श्रेणीप्रमाणें सहायक प्राध्यापकाचें आरंभींचें मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. परंतु कायम जागा क्वचित् निघतात, आणि बरेचसे तरुण तासांवर शिकवितात. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१९ सालीं अतिथि अध्यापकासाठीं तासाला १५०० रुपये व महिन्याला फार तर ५०,००० रुपये अशी मर्यादा सुचविली. कित्येकांच्या हातीं त्याहून पुष्कळ कमी पडतें. दुसरीकडे, चिकित्सेचा व्यवसाय करावयाचा तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहींत नांव लागतें. १९९२ च्या कायद्यानें झालेली ही नोंदणी आवश्यकच आहे. भोंदूंपासून रोग्याचें रक्षण झालेंच पाहिजे. पण त्या नोंदणीसाठीं एम्. ए. नंतरचें जें दोन वर्षांचें एम्. फिल्. करावें लागे, त्याच्या जागा देशभर मिळून थोड्या. शिवाय २०२२ सालीं एम्. फिल्. ही पदवीच बंद करण्याचें ठरलें. मग ह्या विषयापुरता अपवाद करून २०२५-२६ पर्यंत मुदत देण्यांत आली. दरवाजा अरुंद, आणि त्याची चौकटहि वरचेवर बदलणारी, अशी ही स्थिति आहे.

ह्याचा परिणाम आंकड्यांत पाहावा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणींत प्रौढ लोकांपैकीं सुमारें १०.६ टक्के लोकांस कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचें दिसलें. आणि निरनिराळ्या विकारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के रोग्यांस उपचार मिळत नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या संकलनाप्रमाणें मानसिक आरोग्याच्या सेवेंत काम करणारे मानसशास्त्रज्ञ आपल्या देशांत लाख लोकांमागें ०.०७ होते; म्हणजे सुमारें चौदा लाख माणसांमागें एक. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल कीं, जेथें गरज इतकी आणि माणसें इतकीं थोडीं, तेथें वेतन गगनास भिडावयास हवें. मग तें भिडत कां नाहीं? कारण गरज ही मागणी नव्हे. ज्याला गरज आहे त्याच्या हातांत पैसा नाहीं, किंवा असला तर आपलें दुखणें दुखणें आहे हें कबूल करण्याचें धैर्य त्याच्या घराला नाहीं; आणि ज्याच्या हातांत पैसा आहे त्या राज्याला ह्या दुःखाची निकड सैन्यभरतीइतकी कधीं वाटली नाहीं.

कोणी म्हणेल, हें चित्र जुनें झालें. मुंबई-पुण्यांत खाजगी व्यवसाय करणारे मानसशास्त्रज्ञ आज चांगली मिळकत करतात, शाळांतून समुपदेशक नेमले जातात, आणि २०२२ पासून सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनि-सेवाहि चालू आहे. हें सर्व खरें आहे आणि आनंदाचें आहे. पण शहरांतील ही मिळकत रोग्याच्या खिशांतून येते. विमा बहुतांशीं इस्पितळांत दाखल होणाऱ्यासाठीं असतो. आठवड्याला एकदां येऊन तासभर बोलणाऱ्याचा खर्च त्याचा त्यालाच सोसावा लागतो. जो सोसूं शकत नाहीं, त्याच्यासाठीं पुनः तेंच तालुक्याचें गांव आणि तोच बाकडा.

येथें आपल्या महाराष्ट्रीय मनाला एक जुनी संवय आड येते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनीं महिना पंचाहत्तर रुपयांवर शिकविलें, त्यांत टिळक होते, आगरकर होते, गोखले होते. तो आपला अभिमानाचा ठेवा आहे. मानसशास्त्राचेच विद्वान् असलेल्या अप्पा पेंडशांनीं १९६२ सालीं पुण्यास ज्ञानप्रबोधिनी काढली ती ह्याच परंपरेंतील. ठाण्यास १९९० सालीं मानसिक आरोग्यासाठीं निघालेली संस्थाहि लोकांच्या सहभागावर वाढली. परंतु स्वतः होऊन पत्करलेलें अल्प वेतन ही एक गोष्ट, आणि दुसऱ्याच्या त्यागावर अंदाजपत्रक जुळविणें ही दुसरी. "हें सेवेचें काम आहे" असें म्हणून आपण ज्याला कमी देतों, तो कांहीं काळानें निघून जातो. आणि त्याचें नुकसान होत नाहीं, तें बाकावर बसलेल्याचें होतें. चांगलें वेतन हा मानसशास्त्रज्ञावरील उपकार नाहीं. रोग्याला पुढच्या वर्षींहि तोच ओळखीचा माणूस समोर दिसावा, ह्यासाठीं मोजावयाची ती किंमत आहे. मनाच्या उपचारांत तर ही ओळख हेंच अर्धें औषध असतें.

त्या गृहस्थांना मीं अखेर काय सांगितलें, हें वाचकांस कळावयास हवें. मी म्हणालों, "विद्यापीठ देईल, सैन्य देईल, कंपनी देईल; शहरांत राहिली तर रोगीहि देतील. हिला उपाशी राहावें लागणार नाहीं. पण हिला ज्या लोकांसाठीं हा विषय शिकावासा वाटतो, ते लोक मात्र देऊं शकणार नाहींत. त्यांच्यातर्फें आपण सर्वांनीं द्यावें लागेल, आणि तें आपण अजून देत नाहीं." गृहस्थ कांहीं वेळ गप्प बसले. मुलगीच बोलली. तिनें विचारलें, "सर, आपल्या जिल्ह्याच्या इस्पितळांत ह्या कामाच्या कायम जागा किती आहेत?"

मला तें ठाऊक नव्हतें. तीस वर्षें हा विषय शिकवीत असून मीं कधीं तें विचारलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं मीं माहितीच्या अधिकाराखालीं अर्ज केला आहे. मुलीनें प्रवेश घेतला. ती आतां पहिल्या वर्षाच्या वर्गांत दुसऱ्या बाकावर बसते, आणि अर्जाचें उत्तर आलें का, असें दर सोमवारीं मला विचारते.